वृद्धाश्रमाचे दार बंद होते तेव्हा

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एका पत्राचे उत्तर मी या लेखातून जरा सविस्तर देणार आहे. कारण तो प्रश्न एका घरापुरता नाही. पत्रलेखक नोकरीनिमित्त परगावी असतात. त्यांचे ८१ वर्षांचे वडील आपल्याच जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात राहतात. आश्रमात फ्लूची साथ आली म्हणून व्यवस्थापकांनी तीन आठवडे भेटी बंद ठेवल्या आहेत. पत्रात ते लिहितात, "वडील फोनवर हो-नाही एवढेच बोलतात. जेवण निम्म्यावर आले आहे. रात्रभर जागे असतात असे कळते. विचारले की आश्रमातले लोक म्हणतात, वय झाले, चालायचेच. हे खरोखर वयामुळे होते का?"

याचे उत्तर आधी एका शब्दात देते : नाही. वयामुळे केस पिकतात, दृष्टी मंदावते, चाल हळू होते. पण चांगला बोलता-खाता माणूस तीन आठवड्यांत अबोल होऊन ताटावरून उठू लागला, तर ते वय नव्हे. त्यामागे काहीतरी कारण असते. ते शोधले तर बहुधा सापडते आणि पुष्कळदा त्यावर इलाजही होतो.

टाळेबंदीने काय शिकवले?

मी महिन्यातून दोनदा एका वृद्धाश्रमात तपासणीसाठी जाते. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा त्या आश्रमाच्या फाटकालाही कुलूप लागले. बाहेरची दुकाने, कचेऱ्या पुढे हळूहळू उघडत गेल्या. वृद्धाश्रमांची दारे मात्र बरीच उशिरा उघडली. साठीपुढच्या लोकांना कोरोनाची लस मिळू लागली ती १ मार्च २०२१ पासून, आणि त्यानंतर दीड महिन्यातच, एप्रिलमध्ये, राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले.

दार बंद करणे चूक होते असे मी म्हणणार नाही. कोरोनाने मृत्यू येण्याचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो, आणि एका दालनात आठ-दहा खाटा असलेल्या ठिकाणी एकाला झालेली लागण सर्वांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. व्यवस्थापकांवर मोठी जबाबदारी होती. पण कुलूप लावताना विषाणू बाहेर ठेवण्याचा जेवढा विचार झाला, तेवढा आत राहिलेल्या मनांचा झाला नाही. जगभर हेच घडले.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तरी भेटी बंद करण्याची वेळ पुन्हा येतेच. कधी फ्लू, कधी कांजिण्या, कधी जुलाबाची साथ, कधी पावसाळ्यात पुराने तुटलेला रस्ता. म्हणून त्या दोन वर्षांतून जे शिकायचे ते आत्ताच शिकलेले बरे.

बंद दाराआड काय हरवते?

पहिली गोष्ट म्हणजे आपले माणूस. याचा अर्थ केवळ गप्पा मारणारा पाहुणा असा घेऊ नका. भेटीला येणारा मुलगा, सून, लेक किंवा भाचा हा आश्रमाचा बिनपगारी मदतनीसच असतो. बाबांची कवळी सैल झाली हे त्याच्या लक्षात येते. आईला दोडका आवडत नाही, ताक दिले तर दोन घास जास्त जातात, हे लेकीला ठाऊक असते. कानाच्या यंत्रातली बॅटरी संपली आहे, नखे वाढली आहेत, सदरा अंगावर ढगळ होऊ लागला आहे, हे सारे ही माणसे पाहतात आणि न बोलता निस्तरतातही. भेटी बंद झाल्या की हे काम थांबते, आणि ते थांबल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसाचा आकार. सकाळचे फिरणे, चारचा चहा, संध्याकाळचा हरिपाठ, गुरुवारी येणारी भजनी मंडळी, महिन्याची एकादशी या खुंट्यांवर म्हातारपणाचा दिवस टांगलेला असतो. खुंट्या काढून घेतल्या की सोमवार आणि शनिवार सारखेच होतात. २०२० साली आषाढीची पायी वारी निघाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरपूरला नेल्या गेल्या. ज्यांनी पूर्वी वर्षानुवर्षे वारी केली होती, त्या आश्रमातल्या वारकऱ्यांना ती बातमी किती लागली, हे मी पाहिले आहे. उलट, २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' ही जुनी मालिका सकाळी आणि रात्री नऊ वाजता पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा आश्रमातली मंडळी नऊच्या आधी आंघोळ उरकून, केस विंचरून खुर्चीत बसू लागली. मालिकेतली भक्ती तर होतीच, पण ठरलेल्या वेळेला ठरलेली गोष्ट घडते, याचाही त्यात मोठा आधार होता.

तिसरी गोष्ट म्हणजे हालचाल. खोलीतून बाहेर पडायचे नाही म्हटल्यावर म्हातारा माणूस खाटेवरच राहतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर विश्रांती घ्यायला सांगितले होते. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील स्नायू सरासरी सुमारे एक किलोने घटले. निरोगी माणसांचे हे झाले, तर आधीच अशक्त असलेल्यांचे काय होत असेल याची कल्पना करावी. पाय गेले की स्वतः संडासला जाणे थांबते, आणि ते थांबले की माणसाचा स्वाभिमानच खचतो.

चौथी गोष्ट म्हणजे स्पर्श. ऑगस्ट २०२० मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो शहरातील एका वृद्धाश्रमात, प्लॅस्टिकच्या पडद्याआडून एक परिचारिका ८५ वर्षांच्या आजींना मिठी मारते आहे, असे छायाचित्र मॅड्स निस्सेन या डॅनिश छायाचित्रकाराने टिपले. पाच महिन्यांतली ती त्या आजींना मिळालेली पहिली मिठी होती. २०२१ साली त्या छायाचित्राला 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा वर्षातील सर्वोत्तम छायाचित्राचा मान मिळाला. हातमोजे घालून का होईना, पाठीवर हात फिरवणारे कोणी हवे असते, ही गोष्ट जगाला तेव्हा उमगली.

उदासी, नैराश्य की वात?

आता पत्रलेखकाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. म्हातारा माणूस गप्प झाला की तीन शक्यता ध्यानात घ्याव्यात.

पहिली, साधी उदासी. भेट नाही म्हणून वाईट वाटते, डोळ्यांत पाणी येते. पण नातवाचा फोन आला की चेहरा खुलतो, आवडीचा पदार्थ झाला की दोन घास जास्त जातात. हा आजार नव्हे. याला माणूस लागतो, गोळी लागत नाही.

दुसरी, नैराश्य. हा आजार आहे. वृद्धांमध्ये तो बरेचदा वेगळ्या वेषात येतो. "मला उदास वाटते" असे आपली आजी म्हणत नाही. ती म्हणते, "अंग दुखते," "पोट साफ होत नाही," "तोंडाला चव नाही," "विसरायला होते." पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्याभरात मन सारखे खिन्न, निराश असते का? पूर्वी ज्यात जीव रमायचा त्या गोष्टींत आता रस वाटत नाही का? यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' आले आणि ही स्थिती दोन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना बोलवावे. डॉक्टरांकडे वृद्धांसाठी खास बनवलेली, हो किंवा नाही अशी उत्तरे देण्याची पंधरा प्रश्नांची प्रश्नावली असते. ती पाच-सात मिनिटांत होते.

"आता माझे काय राहिले," "देवाने उचलावे" ही वाक्ये आपल्याकडे म्हातारी माणसे सहज बोलतात, म्हणून आपणही ती सोडून देतो. पण असे बोलणे नव्याने सुरू झाले असेल, कोणी औषधे साठवू लागले असेल, जेवण-औषध नाकारत असेल, किंवा आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, तर जवळ बसून सरळ विचारावे, "जीव द्यावा असे मनात येते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचे ओझे हलके होते. उत्तर 'हो' आले, तर त्या माणसाला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांची मदत घ्यावी.

तिसरी शक्यता सर्वांत घाईची. एक-दोन दिवसांतच माणूस गोंधळतो, दिवस-रात्र कळत नाही, असंबद्ध बोलतो, किंवा नुसताच गुंगीत पडून राहतो. वैद्यकात याला डेलिरियम म्हणतात. जुनी माणसे 'वात झाला' म्हणत. बडबडणारा रुग्ण सर्वांना दिसतो, पण गुंगीत पडलेल्याला आपण 'शांत झोपले आहेत' म्हणून सोडून देतो. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणे, रक्तातले सोडियम उतरणे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवे सुरू केलेले औषध ही त्याची नेहमीची कारणे. कोरोनाच्या काळात अमेरिकेतील सात रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या ६५ वर्षांवरील ८१७ कोरोना रुग्णांची पाहणी झाली. त्यांतील २८ टक्क्यांना डेलिरियम होता, आणि अशा रुग्णांपैकी ३७ टक्क्यांना ताप, धाप यांसारखी नेहमीची लक्षणे नव्हती. म्हणजे बदललेले वागणे हीच आजाराची पहिली खूण असू शकते. अशा माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पत्रलेखकाने वडिलांची तपासणी आजच करून घ्यावी. "गप्प झाले केव्हापासून? एकदम की हळूहळू?" हा प्रश्न आश्रमातल्या सेविकेला आधी विचारावा. अर्धे निदान त्या उत्तरातच असते.

आश्रमाने काय करावे?

१. खरे सांगावे. दार का बंद आहे, किती दिवस, पुढचा निर्णय कोणत्या तारखेला होणार, हे सर्वांना एकत्र बसवून सांगावे. विस्मरणाचा आजार असलेल्यांना ते थोडक्यात, पुन्हा पुन्हा आणि न रागावता सांगावे लागते. ज्यांना कारण कळत नाही, त्यांना वाटते की मुलांनी टाकले. हा गैरसमज फार खोल जखम करतो.

२. फळा लावावा. वार, तारीख, तिथी, आजचे जेवण, आज कोणाचा वाढदिवस, हे मोठ्या अक्षरांत रोज लिहावे. आमच्या आश्रमात हे काम एका निवृत्त शिक्षकांकडे दिले होते. फळ्याचा उपयोग सर्वांना झाला, पण सर्वांत जास्त झाला तो त्या गुरुजींनाच.

३. काम द्यावे. शेंगा फोडणे, भाजी निवडणे, वाती वळणे, हार ओवणे, देवपूजा, रेडिओवरच्या बातम्या इतरांना सांगणे. 'तुम्ही बसा आराम करा' हे वाक्य प्रेमाचे असले तरी त्यातून 'तुमची गरज नाही' असा अर्थ पोहोचतो. अर्थात सक्ती नको. ज्याला नको असेल त्याचे 'नको' ऐकणे हाही त्याचा मान आहे.

४. सकाळचे ऊन आणि चालणे चुकवू नये. आजारी नसलेल्यांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत अर्धा तास अंगणात न्यावे. उन्हामुळे झोपेचे चक्र जागेवर राहते. जे खोलीतच आहेत त्यांना दर दोन तासांनी खुर्चीतून दहा वेळा उठ-बस करायला लावावे. शेजारी आधाराला कोणीतरी असावे.

५. चष्मा, कानाचे यंत्र, कवळी ही तिन्ही रोज सकाळी तपासावीत. सेविकेच्या तोंडाला मास्क असला की ओठ दिसत नाहीत, आणि कमी ऐकू येणारे बरेचसे ओठांवरूनच समजून घेत असतात. अशा वेळी ओरडू नये. समोर बसून, सावकाश, जरा खालच्या पट्टीत बोलावे. नावाची पट्टी मोठ्या अक्षरांत छातीवर लावावी.

६. भेट पूर्ण बंद करण्याआधी दुसरा मार्ग पाहावा. नेदरलँड्समध्ये मार्च २०२० मध्ये शुश्रूषागृहे भेटीसाठी बंद झाली. ११ मे २०२० पासून तेथील २६ शुश्रूषागृहांत प्रायोगिक स्वरूपात, प्रत्येक वृद्धाच्या एका ठरावीक माणसाला, नियम पाळून भेटू दिले. पाहणीच्या पहिल्या काही आठवड्यांत तेथे नवी लागण नोंदली गेली नाही, आणि वृद्धांच्या मनावर झालेला चांगला परिणाम कर्मचाऱ्यांना दिसला. आपल्याकडे अंगण, ओसरी, फाटक असतेच. दोन खुर्च्या अंतरावर ठेवून, मास्क लावून, ठरलेल्या वेळी एकाच माणसाची भेट बहुतेक साथींत घडवता येते. शेवटच्या घटका मोजणाऱ्याला तर आपल्या माणसाची भेट नाकारूच नये.

७. मृत्यू लपवू नये. शेजारची खाट एका रात्रीत रिकामी होते आणि कोणी काही बोलत नाही, याची भीती बातमीपेक्षा मोठी असते. दिवा लावावा, फोटो ठेवावा, दोन अभंग म्हणावेत, ज्याला बोलायचे त्याला बोलू द्यावे. घरी कोणी गेल्याची बातमीसुद्धा आडून कळण्यापेक्षा आपल्या माणसाकडून, शेजारी सेविका बसलेली असताना कळावी.

नातेवाइकांनी काय करावे?

फोन रोज केलाच पाहिजे असे नाही, पण ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी केलाच पाहिजे. वाट पाहायला लावून न केलेला फोन हा न ठरवलेल्या फोनपेक्षा वाईट. "उद्या येतो" असे खोटे आश्वासन देऊ नये. "कसे आहात, जेवलात का" याच्यापुढे जावे. सल्ला मागावा : लोणच्याला मीठ किती घालायचे, जमिनीच्या बांधाचे काय करायचे, बाळाचे नाव काय ठेवायचे. सल्ला मागितला की माणूस पुन्हा घरातला होतो.

व्हिडिओवरचा फोन अनेकांना आवडतो, पण विस्मरण झालेल्यांचा त्याने गोंधळही होतो. काही जण पडद्यामागे नातवाला शोधतात. तसे दिसले तर नुसता आवाज पुरे. पत्र तर आजही उत्तम. ते उशाशी ठेवता येते आणि दहा वेळा वाचता येते. वाचता येत नसेल तर सेविकेकडून वाचून घेता येते. सोबत घरच्या माणसांचे फोटो मागे नावे लिहून पाठवावेत.

गोळीबद्दल दोन शब्द

रात्री जागतात म्हणून झोपेची गोळी सुरू करणे हा सर्वांत सोपा आणि बरेचदा धोक्याचा मार्ग असतो. या वयात त्या गोळीने तोल जातो, रात्री उठताना पडून खुब्याचे हाड मोडते, गोंधळ वाढतो. आधी दुपारची लांब झोप, संध्याकाळनंतरचा चहा, दुखणे, रात्रीची लघवी आणि दिवसाचा रिकामेपणा यांकडे पाहावे. मात्र आधीपासून चालू असलेली गोळी मनाने एकदम बंद करू नये. तेही धोक्याचे आहे. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी मात्रेने सुरू करावीत. काही जणांत त्यांनी सोडियम उतरते, म्हणून रक्ततपासणीस कंटाळा करू नये.

सेवा करणाऱ्यांचेही मन

टाळेबंदीत कित्येक मावशी आणि सेवक आठवडेच्या आठवडे आश्रमातच राहिले. त्यांची मुले घरी होती. थकलेल्या, घाबरलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा किती दिवस करणार? त्यांना पाळीपाळीने सुट्टी, घरी बोलायला वेळ, पुरेशी झोप आणि कामाचा वेळेवर मोबदला मिळालाच पाहिजे. सेविकेचे मन सांभाळणे हा वृद्धांच्या उपचाराचाच भाग आहे.

मदतीसाठी दोन दूरध्वनी क्रमांक आश्रमाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७, आणि मानसिक त्रासासाठी शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६. दुसरी सेवा चोवीस तास चालते. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

शेवटी एक काम सांगते. ज्यांचे कोणी आश्रमात आहे, त्यांनी येत्या रविवारी एक कागद लिहावा. आपल्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, काय आवडीने खातात, कशाची भीती वाटते, कोणता देव, कोणती गाणी, पूर्वी काय काम करत, रडू आले तर काय केल्याने शांत होतात, भेटीला एकालाच सोडणार असतील तर तो कोण. असा कागद लिहून एक प्रत व्यवस्थापकांकडे आणि एक खाटेजवळच्या सेविकेकडे द्यावी. दार उघडे आहे तोवर ती प्रत आपण आपल्या हाताने देऊ शकतो.